मेश्रामबाईंनी थांबवलेली यादी

मेश्रामबाई गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर कळवलं, त्याला पाच आठवडे झाले. चिमूरला पुण्यानुमोदनाला गेलो, फोटोसमोर मेणबत्ती लावली आणि परतलो. बोलायचं होतं ते फक्त त्यांच्याशीच होतं...

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीच्या आमच्या कार्यालयात संगणक आला. धरणात बुडणाऱ्या गावांतल्या कोणाकोणाला नव्या जागी घर मिळणार, त्या याद्या आम्ही त्यावर करायचो. बाई कागदी अर्ज सांभाळायच्या, मी मशीन. काळ्या पडद्यावर एक कमांड लिहायची, तिच्यातून निघालेलं दुसरीत सोडायचं, की हजारो ओळी डोळ्यांदेखत शिस्तीत लागायच्या. मला तर शिंगंच फुटली होती. एकदा मी तंतोतंत सारख्या ओळींपैकी एकच ठेवून बाकीच्या उडवणारी कमांड चालवली आणि एटापल्लीकडच्या एका गावाची छापलेली यादी ऐटीत बाईंपुढे ठेवली. त्यांचं बोट ओळींवरून फिरत मध्येच थांबलं.

"बाकीचे लालसू मडावी कुठी गेले?"

"दुबार होते, बाई. काढले."

"तुले कोणी सांगतलं दुबार हायेत म्हणून? तीन हायेत त्या गावात. तिघांचेही घरं पाण्यात जाऊन राह्यले."

ओळीत फक्त नाव आणि गाव होतं. बापाचं नाव अर्जावरच राहिलं होतं. मशीनच्या लेखी तिघं मिळून एकच माणूस. यादी न्यायला दुपारी जीप येणार होती. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, टेबलावर अर्ज मांडले आणि एकेक नाव बापासकट वाचत गेल्या. मी टाइप करत गेलो. अकरा माणसं यादीत परत आली.

जीप गेल्यावर त्यांनी सहज विचारलं, "मागच्या हप्त्यातली यादी तं अशी नाई केली ना?"

"नाई, बाई," मी म्हणालो.

केली होती. ती दुसऱ्या एका गावाची यादी केव्हाच पुढे गेली होती आणि नोकरी जाईल या भीतीनं खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला. पुढे कितीदा भेटलो, प्रत्येक वेळी ओठांवर आलेलं गिळलं... आजही एखादी ओळ पुसण्याआधी मी मूळ कागद समोर घेऊन बसतो. ही सवय बाईंची. लोक मला काटेकोर म्हणतात, तेव्हा मला लाज वाटते. त्या दुसऱ्या गावाचे अर्ज मी कधीच काढून पाहिले नाहीत. बाईंना खरं सांगितलं असतं, तर त्यांनी ते त्याच संध्याकाळी काढले असते.