सात नंबरची शेपटी

माझे सासरे बसच्या कारखान्यात पत्रे ठोकून निवृत्त झाले, पण त्यांची पहिली नोकरी विमानांची. सैन्याची मालवाहू विमानं दुरुस्त करणारा हँगर होता तो. त्या जातीची विमानं मुळात मोजकीच बनली आणि पुढं सगळी भंगारात गेली. त्यातल्या सात नंबरचे तुकडे शोधायचे, एवढाच ध्यास सासऱ्यांनी निवृत्तीनंतर घेतला.

"लोकांचे नवरे बागेत फिरतात, आमचे भंगारात," सासूबाई म्हणायच्या.

गाडी मला चालवता यायची, म्हणून रविवारी त्यांच्याबरोबर मी जायचे. एका शाळेच्या मैदानात सात नंबरचं नाक सापडलं, मुलं त्यावरून घसरत होती. एका गोठ्यावर अर्धा पंख छप्पर म्हणून घातलेला होता. सासरे पत्र्यावरचा विमानाचा आकडा बघायचे, वहीत लिहायचे आणि म्हणायचे, "हे नाही. शेपटी पाहिजे."

शेपटीच का, हे त्यांनी तिसऱ्या वर्षी सांगितलं, गाडीत, समोर बघत.

विमानाचे पत्रे जोडणारे काही रिव्हेट भट्टीत तापवून मऊ करतात आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवतात. बाहेर राहिले की ते कडक होतात, मग ठोकताना रिव्हेटच्या डोक्याला केसाएवढी चीर जाते. त्या दिवशी वीज गेल्यानं फ्रीज बंद पडलेला. चार नंबर आणि सात नंबर, दोन्ही विमानांच्या शेपटीला ठिगळ लावायचं होतं.

"मी मिस्त्रीला म्हटलं, हे कडक लागतायत. तो म्हणाला, मार, सकाळी उडायचंय. मी मारले."

सात नंबर काही कारणानं थांबलं. चार नंबर नऊ माणसं घेऊन उडालं ते परत आलं नाही. डोंगरात तुकडासुद्धा मिळाला नाही. चौकशीत हवामान खराब होतं असं ठरलं. "हवामानच होतं, डोक्यातून काढ," मिस्त्री म्हणाला. सासऱ्यांनी महिन्याभरात नोकरी सोडली.

"कडक रिव्हेट वेगळा वाजतो, पोरी," ते म्हणाले. घरात फरशीवर चमचा पडला तरी ते का दचकतात, ते मला तेव्हा कळलं. सात नंबरवरचे रिव्हेट त्याच डब्यातले होते. ते धड निघाले तर चार नंबर आपल्या हातानं गेलं नाही, एवढं मनाला सांगता आलं असतं.

शेपटी एका कोंबड्या पाळणाऱ्या बाईंकडे मिळाली. पाण्याच्या टाकीला आडोसा म्हणून उभी केली होती, वर चुना मारलेला. "वाऱ्यात गुणगुणते हो ती," बाई म्हणाल्या. "मी तर रात्री तिकडे फिरकत नाही."

सासऱ्यांनी ओल्या फडक्यानं चुना पुसला. ठिगळ दिसलं. ते एकेका रिव्हेटवरून बोट फिरवत गेले आणि मध्येच थांबले.

"हे माझे नाहीत."

"म्हणजे?"

"एक माप मोठे आहेत. जुने काढून, भोकं वाढवून कुणीतरी पुन्हा ठोकलेत. आणि घाव बघ, सगळे उलट्या बाजूला कललेत. डावऱ्या हाताचे." ते खाली बसले. "मिस्त्री डावरा होता."

चार नंबर गेल्यावर मिस्त्रीनं गुपचूप सात नंबर दुरुस्त केलं होतं. म्हणजे त्याला माहीत होतं. आणि माहीत असून तो चौकशीत हवामान म्हणाला होता. त्याला जाऊन बारा वर्षं झाली होती. सासऱ्यांनी त्याला खांदा दिला होता.

"सात नंबरमधली माणसं वाचवली त्यानं," परतताना ते एवढंच म्हणाले. घराशी गाडीतून उतरताना म्हणाले, "मला एका शब्दानं सांगितलं असतं तर?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं कागदावर उतरवलं, स्वतःच्या नावानं, काही न लपवता. मी ते नीट लिहून काढलं आणि सैन्याच्या ऑफिसला पाठवलं. ऑफिसकडून दोन ओळी आल्या: फाइल उपलब्ध नाही. मग जुन्या वर्तमानपत्रातले पत्ते काढून त्यांनी नऊ घरी पत्रं घातली. सात परत आली, एकाचं काहीच कळलं नाही. एक बाई मात्र स्वतः आल्या. चार नंबरवरच्या रेडिओवाल्याची धाकटी बहीण, आता सत्तरीची.

सासरे हात जोडून उभे राहिले. त्या रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "तसलं विमान मी कधी पाहिलंच नाही," म्हणाल्या. "दाखवाल?"

आम्ही त्यांना कोंबड्यांच्या आवारात नेलं. त्यांनी ठिगळावर तळहात ठेवला, बराच वेळ. मग विचारलं, "दादा कुठं बसायचा?"

सासरे शेपटीपासून पुढं निघाले. पावलं मोजत, कोंबड्या बाजूला करत, कुंपणातून पलीकडच्या मोकळ्या रानात गेले. एकदा थांबले, मनाशी काही हिशेब केला, डावीकडे अर्धं पाऊल सरकले.

"इथं," ते म्हणाले. "खिडकीकडे तोंड करून."

बाई चालत तिथं गेल्या आणि सासऱ्यांनी दाखवलं त्या बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या. समोर नुसतं गवत होतं.