गॅलरीतल्या टाळ्या
डांबरगोळ्यांचा वास आला की सिडनीच्या विधानसभेतली प्रेक्षक गॅलरी आठवते. युनीत, म्हणजे तिथल्या विद्यापीठात असताना मी एका संस्थेसाठी सरकारदरबारी पाठपुराव्याची इंटर्नशिप केली होती, आणि एका आमदारबाईंनी अर्ध्या रिकाम्या सभागृहात उभं राहून, माझं नाव घेऊन त्या कामाचं कौतुक केलं. पुण्याहून आलेली आई डांबरगोळ्यांचा वास येणारी पैठणी नेसून शेजारी बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या, तसा गणवेशातला माणूस वाकून म्हणाला, “मॅडम, इथे टाळ्या चालत नाहीत.” आईने हात पदराखाली घेतले. परतताना ट्रेनमध्ये तिने हळूच विचारलं, “पदवीदानाला तरी वाजवू देतात ना गं?” आणि तेव्हा नेसायला म्हणून पैठणी माझ्याच कपाटात ठेवून ती पुण्याला गेली. पदवीदानापर्यंत ती जगली नाही. त्या दिवशी अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता. पैठणीतल्या गोळ्या विरून जातात; मी नव्या ठेवते.