विहीणबाईंची भाषा

चीफना कशाचीच वाट पाहता येत नसे. लिफ्ट वरच्या मजल्यावर दिसली की ते जिना उतरू लागायचे. हॉकर सेंटरमध्ये रांग मोठी असली तर न जेवताच परत यायचे. जहाजांवर चीफ इंजिनिअर म्हणून उमेदीची वर्षं गेली होती. पत्नी वारल्यावर सिंगापूरला बेडोकमध्ये आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत.

त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, नेहाने, इझमिरच्या एका तुर्की जहाज-इंजिनिअरशी लग्न केलं. चीफ लग्नाला गेले नाहीत. "तिच्या सासूला इंग्रजी येत नाही. बोलू काय त्या बाईशी?" एवढंच म्हणाले. पण नेहाला दिवस गेले, जावई जहाजावर निघाला आणि चीफ कुठूनसं तुर्कीचं पुस्तक घेऊन आले. बाळंतपणाला त्यांनीच इझमिरला जायचं ठरलं होतं.

मग कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत ते मला प्रत्यय ऐकवू लागले. "अगं, आपल्यासारखंच आहे. एव म्हणजे घर. एवदे, घरात. एवदेन, घरातून. फक्त 'माझं' सुटं नाही, तेही घरालाच चिकटतं. एविम, माझं घर. एविमदे, माझ्या घरात. आधी मालकी, मग विभक्ती." मी भात करपेल म्हणून आत गेले, तर खिडकीतून पुढचा प्रत्यय यायचा.

एका रविवारी सकाळी ते कानाला फोन लावूनच आमच्या दारात आले. पलीकडे विहीणबाई रडत होत्या. त्यांनी चीफना प्रथमच फोन केला होता.

"हस्तानेदे म्हणतायत. हॉस्पिटलमध्ये," चीफ मला म्हणाले. "पण सारखं किझिम, किझिम. माझी मुलगी. यांची मुलगी आजारी आहे, मग माझ्या नेहाजवळ कोण आहे?"

"काका, त्यांना मुलगी आहे?"

"नाही. एकच मुलगा..." चीफ बोलता बोलता थांबले. मग फोनमध्ये हळूच म्हणाले, "किझिमिझ इयी मी?"

आपली मुलगी बरी आहे ना, असं विचारलं होतं, हे त्यांनी मला टॅक्सीत सांगितलं. संध्याकाळच्या विमानाचं तिकीट मिळालं होतं. चांगी विमानतळावर पोचेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. उतरताना म्हणाले, "ती बाई माझ्या पोरीला कधीपासून 'माझी मुलगी' म्हणत असेल. आणि मी तिचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता."

बाळ वाचलं नाही. नेहा वाचली. चीफ महिन्याभराने येणार होते, पण ते तिकडेच राहिले. त्यांचा फ्लॅट आम्हीच रिकामा केला. परवा नेहाचा फोन आला. मागे चीफ कोणाशी तरी तावातावाने तुर्कीत भांडत होते, आणि एक बाई हसत हसत त्यांच्या चुका सुधारत होती.