पहिला फोन ताईला

ट्रिंगबाईंना 'धाकटे' म्हणून हाक मारणारी जगात एकच बाई होती, त्यांची थोरली बहीण. आणि तिनं तर बोलणंच टाकलं होतं.

बाकी गावाला त्या ट्रिंगबाई. दवाखाने, शाळा, कचेऱ्या, सगळीकडच्या टेलिफोनच्या पेट्या त्या सांभाळत. कुठे फोन वाढवायचे झाले की पेटीचं झाकण काढायचं, रिकाम्या खाचेत नवं कार्ड दाबून बसवायचं, हिरवा दिवा लागला की पहिला फोन ताईला, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. ताई मग भाजीत मीठ जास्त झाल्यापासून शेजारणीच्या मांजरापर्यंत सगळं ऐकवायची. लाइन साफ आहे की नाही हे त्यात आपसूक कळायचं.

मग कुकरचं निघालं. ट्रिंगबाईंनी ताईचा कुकर नेला नि परत केला. ताई म्हणाली, शिट्टी आली नाही. ट्रिंगबाई म्हणाल्या, शिट्टीसकट दिलाय. दोघींच्याही नाकावर माशी बसत नाही, त्यामुळे एवढ्याशा शिट्टीपायी अबोला! तेव्हापासून ट्रिंगबाई चाचणीचा फोन स्वतःच्याच मोबाइलवर करत आणि स्वतःलाच "हॅलो" म्हणत. ताईची आठवण यायची ती यायचीच.

त्या दिवशी दातांच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावरच्या नव्या खोल्यांना फोन हवे होते. कार्ड बसलं, दिवा लागला, पण वरचे फोन ठार मुके. वायरी हलवून झाल्या, फोन बदलून झाले, माशी कुठे शिंकली ते कळेना. शेवटी पेटीची वीज बंद करून त्यांनी कार्ड बाहेर काढलं, चष्मा पुसून पाहिलं आणि कपाळावर हात मारून हसतच सुटल्या.

"काय झालं हो?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"अक्कल गहाण टाकली, दुसरं काय! कार्डं दोन जातींची. एक रिंग देतं, ते खोल्यांतल्या फोनांसाठी. दुसरं बाहेरच्या लाइनवरून रिंग यायची वाट बघतं. मी दुसरंच बसवलं. आता फोनही वाट बघतोय आणि कार्डही वाट बघतंय."

"मग काय, जन्मभर बसतील तसेच!" मुलगी म्हणाली.

ट्रिंगबाईंचं हसू ओसरलं. गुपचूप त्यांनी बरोबर कार्ड बसवलं, वर जाऊन रिसीव्हर उचलला. टोन आला. त्यांनी ताईचा नंबर दाबला.

"हॅलो?"

ट्रिंगबाई म्हणाल्या, "टेस्टिंग. ऐकू येतंय?"

ताई म्हणाली, "येतंय, धाकटे. शिट्टी सापडली गं. माझ्याच डब्यांमागे होती. बरेच दिवस झाले."

"मग फोन का नाही केलास?"

"तू करशील म्हणून थांबले."

"मीही तेच केलं." ट्रिंगबाई हसल्या, डोळेही पुसले. "बरं, ठेवते आता. या कार्डावरच्या अजून तीन खोल्या तपासायच्यात."

"मग तिथूनही मलाच कर की! मी कुठे निघालेय? खुर्ची ओढून बसते."