निंबाखालचे सात दगड

नातालबाईनं मरायच्या आधी असा काही हट्ट धरला की तिच्या पोराचं, पास्कोलचं, डोकंच फिरलं. भुसावळच्या किरिस्ताव कबरस्तानात तिच्या नवऱ्याच्या, इनासच्या शेजारी तिच्यासाठी जागा राखून ठेवलेली. दगडी क्रूस, चाफ्याचं झाड, पलीकडे त्यांचं देऊळ, म्हणजे चर्च. आणि म्हातारी म्हणते काय, तर मला इथंच पुरा. रेल्वेच्या फाटकाजवळ, शेजारणीच्या, भिकुबाईच्या शेताच्या बांधावर, निंबाखाली.

"आई, ती काय मंत्रलेली जमीन आहे का?" पास्कोल ओरडला. "गुरं मुततात तिथं!"

"मुतू देत," म्हातारी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

म्हातारीला चळ लागला, असं सगळे म्हणाले. म्हणणारच! जी बाई मंत्रलेल्या पाण्याचा थेंब जमिनीवर सांडला तर पदरानं टिपून घ्यायची, ती उघड्या बांधावर पुरा म्हणते? खाटेच्या पायथ्याशी भिकुबाई बसली होती. सदुसष्ट वर्षांची, दात गेलेले, पण जीभ शाबूत. ती एरवी गप्प बसणारी बाई नव्हे. पण त्या निंबाखाली काय आहे ते तिला ठाऊक होतं, आणि ती गप्प बसली.

दोघींची ओळख १९११ सालची. सुरतेच्या लाइनीवर, नरडाणं आणि अमळनेरच्या मधल्या त्या फाटकावर इनास रेल्वेचा फाटकवाला म्हणून आला, तो थेट वसईहून, नवी नवरी घेऊन. फाटकाला लागून भिकुबाईचं शेत. पोरीचं कपाळ मोकळं, गळ्यात नुसती मण्यांची माळ. भिकुबाईला वाटलं, अरेरे, एवढ्या कोवळ्या वयात विधवा! तिनं पदर डोळ्यांना लावला, पाठीवरून हात फिरवला, चार शब्द समजुतीचे सांगितले. तेवढ्यात हिरवं निशाण काखेत मारून इनास खोलीतून बाहेर आला. "हा माझा घरवाला," पोरगी म्हणाली. भिकुबाईनं जीभ चावली. मग दोघी अशा हसल्या की बैल बुजले. त्या दिवसापासून भिकुबाई तिची अक्का झाली.

नातालबाई म्हणजे भक्तीची पक्की. एका हातात निशाण, दुसऱ्या हातात जपमाळ. गाडी उशिरा आली तर म्हणायची, बरं झालं, दहा मणी जास्त झाले. एकदा कुणा साहेबाची मोटार फाटकाशी भोंगा वाजवत राहिली, तर ही आपली मणी ओढते आहे. गाडी गेली, माळ संपली, मगच फाटक उघडलं. साहेब लालबुंद. ही म्हणते, "साहेब, तुमच्यासाठी पण एक मणी ओढला."

पण देऊळ होतं भुसावळला. रेल्वेचा फुकट पास वर्षाला एकदाच, म्हणून दोघं वर्षाला एकदाच जायची, पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणाला. त्याआधी चाळीस दिवस उपास. आता हा सण ठरलेल्या तारखेला येत नाही, आणि लिहितावाचता दोघांनाही येईना. नातालबाईला बापाचं एवढंच आठवत होतं, ऊन तापायला लागलं की जी पौर्णिमा येते तिच्या पुढचा रविवार.

"मग ती चैतनी पुनीव," भिकुबाईनं ठणकावून सांगितलं. "मारुती जनमस ना, तीच. त्यान्हामा इचारानं काय शे?"

दोन वर्षं अगदी बरोबर जमलं. भिकुबाई गावभर मिरवली, किरिस्तावांचा सण मी काढून देते म्हणून.

तिसऱ्या वर्षी संक्रांतीला नातालबाईला मुलगा झाला. अशक्त होता, पण दूध ओढायचा. त्यांच्यात नाव पडतं ते बाप्तिस्म्याला, तोवर सगळे त्याला नुसतं बाळ म्हणत. पास्काला जायचंच आहे, तेव्हा पाद्रीबाबाच्या हातून पाणी घालू, असं ठरलं. भिकुबाईनं पौर्णिमा सांगितली. पण आदल्या साली अधिक महिना येऊन गेला होता आणि चैत्र सगळाच पुढे ढकलला गेला होता. भिकुबाईच्या पंचांगात ते बरोबर होतं. पास्काला अधिक महिना कोण सांगणार?

रामनवमीच्या दिवशी बाळ गेलं. सण अजून बारा दिवसांवर आहे, अशा हिशेबात सगळे होते. जीव जाताना घरचं कुणीही डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतं, हे नातालबाईला माहीत होतं. तांब्या झोळीजवळच होता. पण ती फाटक लावायला गेली होती, आणि सहा डब्यांची गाडी जायला लागतो तेवढ्या वेळात ते झोपेतच संपलं. परत येऊन झोळीत हात घातला तर गार. तिनं जी किंकाळी फोडली ती भिकुबाईला पार विहिरीपाशी ऐकू आली.

इनास रेल्वेच्या जमिनीत पुरायला धजेना, साहेब विचारेल म्हणून. भिकुबाईनं आपला बांध दिला. निंबाखाली हातभर खड्डा, त्याच्याभोवती सात दगड.

ठरलेल्या सणाच्या रविवारी भुसावळला भिकुबाईही सोबत गेली. हिला एकटीला सोडवेना. देवळात बघतात तर सणाचं काहीच नाही. म्हातारा गोरा पाद्री बाहेर आला, मोडक्या मराठीत म्हणाला, "बाई, पास्क होऊन पाच आठवडे झाले."

भिकुबाईनं बोटांवर हिशेब केला. म्हणजे बरोबर दिवशी आले असते तर बाळ जितं होतं. पाणी पडलं असतं. नाव पडलं असतं.

नातालबाईनं रडून घेतलं, मग विचारलं, "बाबा, माझं लेकरू कुठं आहे आता?"

पाद्री भला माणूस होता, पण खोटं बोलणारा नव्हता. "बाप्तिस्मा नाही, म्हणून स्वर्ग नाही," तो म्हणाला. "पण दुःखही नाही त्याला. बाहेर शांत जागा आहे."

"मग त्याला इथं आणून पुरू?"

"या जमिनीत नाही येत."

"मग तिथं येऊन ती जमीन मंत्रा."

"उगाच कुणाच्या शेताला मंत्र देता येत नाही, बाई. आपलं बाप्तिस्मा झालेलं माणूस तिथं पुरलं, तर त्याच्या खड्ड्यापुरती जमीन मंत्रता येते."

 परतीच्या गाडीत नातालबाई नुसती माळ ओढत बसली. भिकुबाई वाट बघत राहिली, आता ही मला शिव्या घालेल, झिंज्या धरेल. वर्ष गेलं, दोन गेली, नातालबाई एका शब्दानं तिला बोलली नाही. चांगलं चार शिव्या घालून मोकळी झाली असती तर बरं झालं असतं, असं भिकुबाईला आयुष्यभर वाटलं.

पाद्री दर वर्षी छापील कॅलेंडर द्यायला लागला. ते घेऊन नातालबाई भिकुबाईकडेच यायची. "अक्का, तुमची पुनीव कधी?" मग दोघी बोटं मोजत बसायच्या, या साली जुळते की नाही. पास्कोल झाला तेव्हा मात्र ती पासाची वाट बघत बसली नाही. आठव्या दिवशी मालगाडी थांबवून गार्डाच्या डब्यात चढली आणि पोराच्या डोक्यावर पाणी घालून आली. गार्ड म्हणाला, माझी नोकरी जाईल. ही म्हणाली, तुझ्या नोकरीसाठी मी जप करते.

तापाच्या साथीत तिनं गावात घरोघर पेज पोचवली. पुढं इनास गेला, फाटक पास्कोलकडे आलं, नातवंडं झाली. नात फिलू तिच्या मांडीवर बसून गाड्यांच्या मधल्या वेळात प्रार्थना शिकली. आणि दर पास्काला, काही झालं तरी, रेल्वेचा चुना घेऊन म्हातारी ते सात दगड रंगवायची. कशाचे ते पोराला, नातवंडांना तिनं कधी सांगितलं नाही. चौतीस वर्षं.

१९४७ साली दोघींची पुनीव जुळली. शनिवारी मारुतीचा जन्म, रविवारी पास्क. सोमवारी भुसावळहून नवा तरुण पाद्री येऊन नातालबाईला मरणाआधीचं शेवटचं तेल लावून गेला. संध्याकाळी तिनं सगळ्यांना बाहेर काढलं, भिकुबाईला तेवढं ठेवलं.

"अक्का, जमीन द्याल ना?"

"शेत मन्हं शे," भिकुबाई म्हणाली. "कोन नही म्हनस, ते देखसू मी."

"खड्डा रुंद घ्या. माझ्या डाव्या अंगाला."

"कितला रुंद?"

नातालबाईनं दोन्ही हात वर उचलले आणि ताणता येतील तेवढे ताणून दाखवले. त्या हातांकडे बघताना भिकुबाईला भुसावळच्या देवळाचं दार आठवलं. खड्ड्यापुरती जमीन. ही बाई चौतीस वर्षं याच्यासाठी थांबली होती! भिकुबाईनं ते दोन्ही हात धरले आणि हमसून हमसून रडली. "मीच सांगं व्हतं ना तुले ती पुनीव," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय जमीन कुणी दिली असती, अक्का?" नातालबाई म्हणाली.

मंगळवारी ती गेली.

खड्डा खणताना भिकुबाई काठी घेऊन उभी होती. सात दगड हलू दिले नाहीत, बाळाच्या जागेला फावडं लागू दिलं नाही, पण ती जागा आत ओट्यासारखी राखून खड्ड्याची कडा तिच्याही पलीकडे घ्यायला लावली. खोल कमी, पसरट जास्त. पास्कोल वैतागला, मग आईच्या हट्टापुढं काय चालतं म्हणून खणत राहिला. पाद्री आला, त्यानं पेटी बघितली. म्हातारी वाळून काडी झाली होती, पेटी दोघांनी सहज उचलली होती. त्यानं खड्ड्याकडे बघितलं.

"एवढा रुंद कशाला?"

सगळे भिकुबाईकडे बघायला लागले.

"बाई जाड व्हती, बाबा," भिकुबाई म्हणाली.

 फिलूनं तोंडात पदर कोंबला. पाद्री खाली बघत राहिला. एका बाजूला पेटी, आणि तिच्या डाव्या अंगाला, खड्ड्याच्या आतच, परवाच्या ताज्या चुन्यातले सात दगड. हे कुणी रंगवले, असं त्यानं हळूच विचारलं. "आजीनं," फिलू म्हणाली. "मी धरून आणलं होतं तिला."

त्यानं पुस्तक उघडलं आणि मंत्र म्हणायला सुरुवात केली. पाणी पेटीवर शिंपडलं, उशाला, पायथ्याला. मग तो थांबला, निंबाच्या बाजूला चार पावलं सरकला आणि भांड्यात उरलेलं सगळं पाणी त्या सात दगडांच्या मधोमध ओतलं.

भिकुबाईनं काठी खाली ठेवली आणि पहिली मूठ माती लोटली.