ओला चमचा

“बिघडलेली मशीन्स सांभाळण्यात कसला मोठेपणा गं? शाळेत शिकव, मे महिन्याची सुट्टी घे!” जेवता जेवता हितेंद्रचा आवाज चढला.

“बिघडलेली नाहीत. एकेकटी नीट चालतात,” सुचित्रा म्हणाली. “दोन एकदम लावली की भांडतात.”

“आपल्यासारखी! शाळेला आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय.”

भोईवाड्यातल्या त्या घरात आठवडाभर हेच चाललं होतं. सुचित्रा लालबागच्या गिरणी कामगाराची मुलगी. परळच्या एका इस्पितळात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागली, नोकरी करता करता युनिक्स शिकली, आणि तिथले सर्व्हर तिच्या हाती आले. त्यांच्या डिस्क सारख्या जळायच्या. तेव्हा तिनेच सुचवलं, कुणालाच स्वतःची डिस्क नको. सगळ्यांची सिस्टिम एका मोठ्या स्टोरेजवर ठेवू. मशीन चालू झालं की नेटवर्कवरून तिथूनच घेईल. साहेबांनी मान्य केलं, पण शनिवारी सगळी एकत्र उठली नाहीत तर काम बाहेरच्या कंपनीला जाणार आणि सुचित्रा केसपेपरच्या खिडकीवर.

आज शनिवार होता, आणि तिला दुपारी कामावर जायचं होतं.

हितेंद्रने आमटीतला चमचा तसाच लोणच्याच्या बरणीत घातला.

“मेल्या, ओलो चमचो बरणीत?” त्याची आई, जाईबाई, कडाडल्या. “सगळ्या लोणच्याक बुरशी धरतली!”

“एवढंसं तर घेतोय, आई.”

“वाटयेत काढून घे! तुझ्या वाटयेत काय हवा ता कर. बरणीक हात नाय!”

सुचित्राचा घास हातातच राहिला. आठवडाभर ती वायरी बदलत बसली होती, आणि घोळ तिनेच करून ठेवला होता. जागा वाचावी म्हणून सगळ्या मशीन्सना तिने एकच फोल्डर दिला होता, वर त्यात लिहायची मुभाही. प्रत्येक मशीन तिथे आपलं नाव लिहायचं आणि आधीच्याचं पुसायचं. ती हात धुऊन निघालीच.

“अगं, उत्तर?” हितेंद्र जिन्यावरून ओरडला.

इस्पितळात तिने मूळ सिस्टिमवरचं लिहिणं बंद केलं. तिथून फक्त वाचायचं. लिहायला प्रत्येकाला वेगळी जागा. हाताखालची रुचिका बटणांजवळ उभी राहिली.

“मॅडम, आधी नारळ फोडू?”

“नारळ नंतर. बटण दाब.”

पहिलं मशीन उठलं. दुसरं उठलं, आणि पहिलं बसलं नाही! मग तिसरं, चौथं. रांगच्या रांग आपापलं नाव सांगत उठली. रुचिकाने शिट्टी मारली. साहेब मात्र हाताची घडी घालूनच होते. तेव्हा सुचित्राने एक सर्व्हर बंद करून रॅकमधून काढला, त्या जागी कोरा लावला आणि त्याची ओळख स्टोरेजवर नोंदवली. त्यात ना डिस्क, ना काही. चहा यायच्या आत तो कामाला लागला.

“कंपनीला नको म्हणून कळवतो,” साहेब म्हणाले. “मागच्या इमारतीतले सर्व्हरही असेच करून हवेत. तुम्ही घ्याल?”

“घेते की!” ती म्हणाली.

घरी दोघं वाटच बघत होती. सुचित्राने पर्स खुंटीला लावली.

“शाळेला मी नकार कळवलाय. दोन्ही इमारतींचे सर्व्हर आता माझ्याकडे आहेत. सोमवारपासून मी सातला घर सोडणार. सकाळचे डबे हितेंद्र करेल.”