पिशवीतल्या चपला

आमच्या गावी सरकारी दवाखान्याची एक बाई येते. नाव मी कधी विचारलं नाही. ती चपला दारात काढून ठेवत नाही. पुसून पिशवीत घालते आणि पिशवी मांडीवर घेऊन बसते. चहा दिला तर नको म्हणते. असलं माणूस मला पटत नाही.

तिचा डोळा माझ्या सुनेवर. दोन पोरी झाल्या, आता ऑपरेशन करून घे, असं हळू आवाजात सांगते. माझी बायको असल्याच ऑपरेशनच्या शिबिरातून कंबर धरून आली, ती मरेपर्यंत धरूनच होती. यंदा गेली. म्हणून मी ओट्यावर कान देऊन बसतो.

परवा सरळ विचारलं, "तुमच्या चपला कोण पळवतं?"

"शिंदखेड्याकडं एका सासऱ्यानं लपवल्या, आबा. भर उन्हात अनवाणी गेले."

"बरं केलं त्यानं. तुम्हाला बायाच दिसतात का कापायला?"

ती हसली नाही. "बाप्याचं तर सोपं असतं, आबा. त्याच दिवशी घरी. पोराला सांगून तर पाहा."

मला ती थापच वाटली. तरी जेवताना पोराला म्हटलं, "मंग तूच जाय ना दवाखानामा. तुनी बायकोनी कंबर तरी वाची जाई."

सुनेचा भाकरी थापणारा हात थांबला.

पोरगा ताटातच बघत बोलला, "माले वावरमा काम शे."

वैशाखात आमच्या वावरात ढेकळांशिवाय काही नसतं. त्या बाईवर माझा अजून भरोसा नाही. पण आता पोरावरही नाही.